मनाचा आजार आणि चळवळीचे मौन

आरोग्याच्या प्रश्नावर पुरोगामी पक्ष आणि संघटना वेळोवेळी जी मागणीपत्रके काढतात, त्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रांतील रिक्त जागा असतात, औषधांच्या किमती असतात, कुपोषण आणि क्षयरोग असतो. चिंताविकाराचा उल्लेख मात्र त्यांत क्वचितच आढळतो. याला विसर म्हणणे कठीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगातील ३० कोटींहून अधिक माणसे चिंताविकाराने ग्रस्त होती; मनोविकारांत इतका व्यापक दुसरा विकार नाही. एवढी मोठी गोष्ट नजरेआड होत नाही, ती गौण मानली जाते. आणि तशी मानण्यामागे एक ठाशीव युक्तिवाद उभा आहे. त्याची तपासणी होणे अगत्याचे आहे.

तो युक्तिवाद असा : कंत्राटी कामगाराला उद्याच्या कामाची शाश्वती नाही, शेतकऱ्याला भावाची नाही, पदवीधराला नोकरीची नाही, मग त्यांना चिंता वाटणार नाही तर काय वाटेल? ही चिंता विषम समाजव्यवस्थेने जन्माला घातली आहे. तिला आजार ठरवून हाती गोळी देणे म्हणजे राजकीय प्रश्नाला खासगी दुखण्याचे रूप देणे होय. व्यवस्था बदलली की चिंता आपोआप जाईल.

यातील पहिला भाग बराचसा खरा आहे. कर्ज, बेकारी आणि असुरक्षितता मनाचे आरोग्य पोखरतात, यात शंका नाही. परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष टिकत नाही. क्षयरोग हाही कोंदट खोल्यांत आणि अर्धपोटी जगण्यात फोफावणारा रोग आहे. म्हणून सर्वांना हवेशीर घरे मिळेपर्यंत रोग्याने औषध घेऊ नये, असे कोणत्या कार्यकर्त्याने म्हटले आहे? दगडखाणीच्या धुळीने ज्या मजुराची फुप्फुसे निकामी झाली, त्याच्यासाठी संघटना मालकाकडे भरपाईही मागते आणि त्याला रुग्णालयातही पोचवते. या दोन कामांत तिला कधी विसंगती जाणवलेली नाही. कारण सामाजिक असले की उपचार अनावश्यक ठरतो, हा अजब नियम केवळ मनालाच लावला जातो. शिवाय हा विकार सुखवस्तू घरांतही होतो. आनुवंशिकतेचा आणि बालपणीच्या आघातांचाही त्यात वाटा असतो. सर्व कारणे एकट्या वर्गसंबंधांत शोधणे शास्त्राला धरून नाही.

गोंधळाचे मूळ ‘चिंता’ या शब्दातच आहे. पेरणीची, परीक्षेची, मुलीच्या लग्नाची काळजी प्रसंगाबरोबर येते आणि प्रसंगाबरोबर जाते. विकार जडतो तेव्हा काळजी महिनोन्महिने, बहुतेक दिवशी मनाचा ताबा घेते आणि आवरू म्हटले तरी आवरत नाही. झोप उडते, अंग आखडते, कामात चित्त लागत नाही. काहींना अकस्मात भीतीचा झटका येतो. छाती धडधडते, श्वास कोंडतो, मरण समोर उभे राहिल्यासारखे वाटते. झटका काही मिनिटांत कळसाला पोचून ओसरतो; पण तो पुन्हा येईल या धास्तीने माणूस एसटीत बसणे, बाजारात जाणे, सभेला येणे सोडून देतो. ज्या कर्जाने ही सुरुवात झाली ते फिटले, तरी विकार हटेलच असे नाही. म्हणूनच त्याला स्वतंत्र उपचार लागतो आणि तो उपलब्ध आहे. विचारांची आणि वागण्याची घातक वळणे ओळखून ती बदलायला शिकवणारी मानसोपचाराची पद्धत आहे, औषधेही आहेत. त्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि ती मनाने बंद करायची नसतात.

हा उपचार सार्वजनिक व्यवस्थेत मिळाला नाही, की रोगी बाजारात जातो. धडधड होते म्हणून तो हृदयाचा आलेख काढतो, रक्त तपासतो. अशी तपासणी अयोग्य नाही. थायरॉइडच्या विकारातही अशीच लक्षणे दिसतात. पण सारे अहवाल निर्दोष आले, की ‘काही झालेले नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढे ऐकून आणि पैसे मोजून तो परततो. पुढची पायरी गोळीची. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी तात्काळ उतार पडतो. तथापि त्या दीर्घकाळ घेतल्यास त्यांची सवय जडते. त्यांचा समावेश औषध नियमांच्या एच-१ अनुसूचीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून त्या विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते. हा नियम जिथे कागदावरच राहतो, तिथे त्याची किंमत रोगी मोजतो.

दुसरी वाट भगताकडे जाते. मारहाण करून भूत उतरवण्याला महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले, ते पुरोगामी चळवळीच्या दीर्घ लढ्याचे फळ. पण भूत नाकारणारा तोच कार्यकर्ता सहकाऱ्याला ‘मन खंबीर कर, लढणाऱ्याने असे खचू नये’ असे ऐकवतो, तेव्हा तो वेगळे काय करतो? भगत भुताला दोष देतो, हा रोग्याच्या चारित्र्याला देतो. डॉक्टरापर्यंत दोघेही पोचू देत नाहीत.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ साली बारा राज्यांत झाले. नैराश्य, चिंता यांसारख्या सामान्य मनोविकारांच्या दर शंभर रोग्यांपैकी सुमारे ८५ जण उपचाराविना असल्याचे त्यात दिसून आले. मनोविकारतज्ज्ञ तुटपुंजे आहेत, मग करणार काय, असा प्रश्न येथे हमखास येतो. त्याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळालेले आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने तेथील १२ सरकारी केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे चिंता आणि नैराश्याच्या रोग्यांचे समुपदेशन सोपवण्यात आले. मदतीला डॉक्टर आणि तज्ज्ञ होते. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी ही सेवा मिळालेल्यांपैकी सुमारे ६६ टक्के रोगी बरे झाले. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के होते. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. जिथे गरीब रांगेत उभा असतो, तिथेच ही सेवा सर्वाधिक फलदायी ठरली, याचा अर्थ समाजवाद्यांना वेगळा सांगण्याची गरज नसावी.

कायदाही रोग्याच्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २०१८ च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या कलम १८ ने सरकारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याजवळ शिधापत्रिका असो वा नसो, हे उपचार मोफत मिळाले पाहिजेत. किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर जिल्ह्यातील अन्य सेवा घेण्याचा खर्च सरकारने सोसावा, असेही हे कलम सांगते. प्रत्यक्षात केंद्राच्या आरोग्य अंदाजपत्रकात मनाच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येतो, आणि त्यातलाही मोठा भाग बंगळूरच्या एका राष्ट्रीय संस्थेकडे जातो. ती संस्था मोलाची आहे. पण गडचिरोलीच्या रोग्याला बंगळूर परवडत नाही. निधीवाचून दिलेला हक्क म्हणजे न वटणारी हुंडी होय.

मनोविकारांमुळे उत्पादन घटते, सबब उपचार करावेत, असा आणखी एक विचार अलीकडे उद्योगजगतातून पुढे येतो. तो जपून स्वीकारावा. यंत्राला तेल घालावे तसा कामगाराच्या मनाचा विचार करणारी ही दृष्टी आहे. जो काही उत्पादन करू शकत नाही, त्या वृद्धाला आणि गृहिणीला तिच्या हिशेबात जागा नाही. उपचार हवा तो माणसाचे दुःख कमी व्हावे म्हणून.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षित समुपदेशक, तालुक्याच्या रुग्णालयात ठरलेल्या वारी मनोविकारतज्ज्ञ, आणि आवश्यक औषधांचा अखंड पुरवठा. या मागण्यांसाठी मोर्चे निघावेत, विधिमंडळात प्रश्न विचारले जावेत. मात्र कार्यकर्त्याला आजच करता येण्याजोगे काम त्याहून साधे आहे. सभेला येणे अचानक थांबलेल्या सहकाऱ्याला ‘पळपुटा’ म्हणण्यापूर्वी त्याच्या घरी जावे, त्याचे ऐकून घ्यावे आणि त्याला जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत करावी. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत दूरध्वनी सेवाही आहे, तो क्रमांक पक्षाच्या प्रत्येक शाखेच्या फलकावर लागला पाहिजे. व्यवस्था बदलण्याची लढाई दीर्घ आहे. ती लढणारी माणसे तोवर एकाकी झुरत राहावीत, अशी अट कोणत्याही समाजवादाने घातलेली नाही.