निदाने दोन, दाखला एकाचाच

वर्गात एका जागी न बसणारे, हाक मारली तरी लक्ष न देणारे, आवडत्या खेळात तासन्‌तास रमणारे, पण पाच मिनिटांचा गृहपाठही पूर्ण न करणारे मूल असले, की पालकांची धावपळ बहुधा शाळेच्या तक्रारीपासून सुरू होते. कोणी 'मोठे झाले की शांत होईल' असा दिलासा देतो, कोणी उशिरा आलेल्या बोलण्याकडे बोट दाखवतो, तर कोणी थेट औषध लिहून देतो. अशा मुलाला स्वमग्न म्हणायचे की अतिचंचल, हे पुष्कळदा पालकांनी आधी कोणत्या तज्ज्ञाचे दार ठोठावले यावर ठरते.

या गोंधळाला वैद्यकशास्त्राचाही हातभार लागलेला आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९९४ च्या निदान-नियमावलीनुसार मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम असल्यास, अवधान-न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, हे वेगळे निदान करण्यास मुभा नव्हती. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही अट निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणातही दोन्ही निदाने एकत्र करता येतात. तथापि पुस्तक बदलले म्हणून दवाखान्यातील सवय लगेच बदलतेच असे नाही.

मुळात ही लक्षणे वरवर पाहता सारखीच दिसतात. वर्गातून उठून पळणारे एक मूल कोलाहल असह्य झाल्याने पळते, तर दुसरे निव्वळ अस्वस्थतेपोटी. काही मुलांत ही दोन्ही कारणे एकत्र नांदतात. त्यामुळे दहा मिनिटांच्या भेटीत निवाडा करणे धोक्याचे ठरते. आधी श्रवणचाचणी, मग जन्मापासूनच्या वाढीचा तपशील आणि प्रत्यक्ष निरीक्षण, असा हा क्रम आहे. स्वमग्नतेसाठी भारतात ४० मुद्द्यांची 'इसा' ही मोजपट्टी वापरली जाते. अतिचंचलतेची लक्षणे मात्र वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीची आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसणारी असावी लागतात. म्हणजेच शिक्षकांच्या लेखी निरीक्षणाविना हे निदान अपुरेच राहते. नेमका हाच कागद सहजी मिळत नाही. भाषेचाही प्रश्न आहेच. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची बुद्धिमत्ता इंग्रजीतून मोजली, तर निकाल त्याच्या इंग्रजीचा लागतो.

खरी मेख आहे ती पुढेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. अतिचंचलतेचा मात्र स्वतंत्र उल्लेख नाही. राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची 'निरामय' विमा योजना स्वमग्न मुलांना मिळते, केवळ अतिचंचल मुलांना नाही. याउलट फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत अतिचंचलतेचा समावेश आहे. सरकारचा एक हात जे शोधतो, त्याला दुसरा हात ओळख देत नाही, असा हा प्रकार.

परिणामी मूल्यमापन हे मूल समजून घेण्याऐवजी दाखला मिळवण्याचे साधन बनण्याचा धोका असतो. दाखल्यासाठी स्वमग्नता तेवढी नोंदवली जाते. चंचलतेवरचे उपचार, गरज असल्यास औषधही, मागे पडते. दुसरीकडे 'स्वमग्न' या शब्दाची धास्ती घेतलेले पालक 'जरा चंचल आहे' एवढ्यावरच थांबतात आणि संवादाच्या प्रशिक्षणाची मोलाची वर्षे निघून जातात. या दोन्ही प्रकारांत अर्धेच मूल कागदावर येते.

हे अपवादात्मक म्हणून सोडून देता येणार नाही. उत्तर गोव्यासह देशातील पाच भागांत दोन ते नऊ वर्षे वयाच्या मुलांची पाहणी झाली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, मेंदूच्या वाढीशी निगडित समस्या असलेल्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांत एकाहून अधिक समस्या आढळल्या.

बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांनी एकाच फाइलवर लिहिणे, ही व्यवस्था जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांतून उभी करता येण्याजोगी आहे. उपचार सुरू करण्यासाठी दाखल्याची वाट पाहण्याचे तर कारणच नाही. यादीत भर घालण्यासाठी नवा कायदाही लागत नाही; सध्याच्याच कायद्याच्या ९९ व्या कलमान्वये केंद्र सरकार अधिसूचना काढून परिशिष्टात बदल करू शकते आणि तशी शिफारस करण्याची मुभा राज्य सरकारलाही आहे.