उघडणे आणि कळणे

स्वतःच्या मालकीची कुलपे किल्लीवाचून उघडण्याचा छंद जगभर अनेकांना असतो. या छंदात नवख्याची प्रगती कशावरून मोजावी, हा प्रश्न वरवर पाहता आपल्या विषयाबाहेरचा वाटेल. आम्हांला तो शिकण्या-शिकवण्याच्या मुळाशी जाणारा वाटतो. आमचे म्हणणे असे की, किती कुलपे उघडली हे त्या प्रगतीचे माप नव्हे.

आधी यंत्र पाहू. नेहमीच्या पिन-टम्बलर कुलपात, किल्ली शिरते त्या फिरत्या गाभ्यावर बहुधा पाच-सहा उभी छिद्रे असतात. प्रत्येकात एकावर एक दोन पिना आणि त्यांच्या माथ्यावर स्प्रिंग. योग्य किल्ली प्रत्येक जोडीचा सांधा नेमका गाभ्याच्या कडेशी आणते आणि गाभा फिरतो. छिद्रे अगदी एका रेषेत पाडली गेली असती, तर गाभ्याला वळण देताच साऱ्या पिना एकदम अडकल्या असत्या. प्रत्यक्षात केसाएवढा फरक राहतोच. म्हणून एक पिन आधी अडकते. ती हलकेच उचलून जागी बसवली की गाभा किंचित सरकतो आणि दुसरी अडकते. ही सारी विद्या घडणीतल्या त्या अपूर्णतेवर उभी आहे.

नवखा मात्र बहुधा दातेरी पिक घेऊन ती आतबाहेर घासतो. स्वस्तातले कुलूप काही क्षणांत उघडते. आनंद होतो, पण काय घडले ते सांगता येत नाही. दुसरी सवय जोर लावण्याची. गाभ्याला वळण देणाऱ्या पट्टीवर, म्हणजे टेन्शन रेंचवर, दाब वाढला की अनेक पिना एकदम आवळल्या जातात आणि बोटांना त्यांतला भेद कळेनासा होतो. हात सुधारायचा तो आधी या दाबाचा, पिकचा नंतर.

यावरचा उपाय कंटाळवाणा आहे, पण खरा आहे. सुटे करता येणारे कुलूप घ्यावे. त्यात एकच पिन ठेवून सराव करावा, मग दोन, मग तीन. उघडल्यावर पुन्हा बंद करून पिना कोणत्या क्रमाने अडकल्या हे सांगावे आणि तो क्रम पुन्हा पडताळावा. पारदर्शक कुलूप रचना समजण्यापुरते ठीक. पुढे डोळे बोटांचे काम करू लागतात आणि बोटे अडाणी राहतात. मध्ये बारीक झालेल्या स्पूल पिना समोर आल्या की दातेरी घासाघीस सहसा निरुपयोगी ठरते. गाभा थोडा फिरून थांबतो, जणू उघडलेच. तिथे दाब सैल करून त्याला जरा मागे येऊ द्यावे लागते. मिळवलेले थोडे सोडण्याची तयारी नसेल तर पुढे जाता येत नाही.

धीराचे प्रसिद्ध उदाहरण 1851 चे. लंडनच्या ब्रामा कंपनीने आपले कुलूप उघडणाऱ्यास 200 गिनींचे बक्षीस लावले होते. अमेरिकन कुलूपतज्ज्ञ हॉब्ज याने ते उघडले. त्याला 16 दिवसांत मिळून 51 तास लागले. एवढा वेळ देणारा माणूस कुलपाशी झगडत नसतो, ते वाचत असतो.

ही चोरीची विद्या नव्हे काय? 'मृच्छकटिका'तला शर्विलक भिंतीला खिंडार पाडताना शास्त्राच्या गोष्टी करतो आणि यंत्राने बंद केलेले दार उघडायला जानवे कसे कामी येते तेही सांगतो. त्याचे कसब खोटे नाही. घर दुसऱ्याचे आहे. म्हणून या छंदाची मर्यादा स्पष्ट असावी: कुलूप आपले असावे, किंवा मालकाची परवानगी असावी, आणि रोजच्या वापरातले नसावे, कारण सरावात ते बिघडू शकते.

आमच्या वर्गांत दातेरी पिकेच फार वाटली जातात. गाइडातला सारांश कविता झटकन 'उघडून' देतो, गुणही मिळतात. न पाहिलेली कविता समोर आली की हात थबकतो. अशा विद्यार्थ्याला अर्थ लागला का, हे नंतर विचारावे. कोणत्या शब्दाशी तो आधी अडला, एवढे त्याला सांगता आले तर शिकणे सुरू झाले, असे आम्ही मानू.