गाईड कोणते घ्यावे?

मराठी विषय घेऊन एम.ए. करणारा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर आला की प्राध्यापकांच्या खोलीत एक प्रश्न हमखास विचारतो. तो प्रश्न मर्ढेकरांविषयी नसतो, देशीवादाविषयीही नसतो. ‘सर, नेट-सेटसाठी गाईड कोणते घेऊ?’ एवढाच तो प्रश्न असतो. त्यावर आमच्या व्यवसायातील अनेकांचे उत्तर ठरलेले असते: गाईडच्या नादी लागू नका, मूळ ग्रंथ वाचा. हे उत्तर उदात्त असले तरी अपुरे आहे, असे आमचे मत आहे. मूळ ग्रंथांना पर्याय नाही हे खरेच. पण ज्या विद्यार्थ्याला महानुभाव गद्यापासून समकालीन कादंबरीपर्यंत आणि ध्वनिविचारापासून लोकसाहित्यापर्यंतचा सारा प्रदेश काही महिन्यांत ओलांडायचा आहे, त्याला नकाशा लागतो. नकाशा मागणाऱ्यास ‘आधी सारा मुलुख पायी हिंडून ये’ असे सांगण्यात शहाणपण नाही. म्हणून गाईड घ्यावे की नाही, यापेक्षा कोणते घ्यावे आणि ते कसे पारखावे, याचाच विचार येथे केला आहे.

या निवडीचे महत्त्व अलीकडे वाढले आहे. राष्ट्रीय पात्रता परीक्षा म्हणजे अध्यापकपदाचे आणि फेलोशिपचे दार, अशीच आजवर तिची ओळख होती. मार्च २०२४मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हेच गुण पीएच.डी.च्या प्रवेशासाठी ग्राह्य धरण्याचा निर्णय जाहीर केला. फेलोशिपला पात्र ठरलेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर, तर इतर दोन गटांतील उमेदवारांना परीक्षेच्या गुणांचा भार ७० टक्के आणि मुलाखतीचा ३० टक्के, अशी ही योजना आहे. म्हणजे उद्या मराठीत संशोधन कोण करणार आणि मराठी कोण शिकवणार, या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नपत्रिकेच्या आधारे ठरू लागल्या आहेत. त्या प्रश्नपत्रिकेची तयारी ज्या पुस्तकावरून होते, त्यातील चूक त्या पुस्तकात राहत नाही. ती आधी उत्तरात उतरते, मग वर्गातील व्याख्यानात आणि पुढे पुढच्या पिढीच्या वहीत जाते.

दुकानात उभ्या उभ्या करता येण्याजोगी पहिली पारख अगदी व्यावहारिक आहे. पुस्तक सध्याच्या परीक्षेसाठी आहे का? पूर्वी या परीक्षेत तीन पेपर असत. २०१८पासून दोन आहेत: पहिला ५० प्रश्नांचा व १०० गुणांचा, दुसरा १०० प्रश्नांचा व २०० गुणांचा. दोन्ही मिळून तीन तास असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत. मुखपृष्ठावर चालू वर्ष छापलेले आणि आत मात्र ‘पेपर तिसरा’ अशी विभागणी कायम, असे आढळले तर ते पुस्तक खाली ठेवावे. ज्याने अनुक्रमणिका बदलण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्याने मजकूर तपासला असेल असे मानायला आधार नाही.

दुसरी पारख सनावळीची. ‘पहिले कोण’ हा प्रश्न परीक्षेला प्रिय आहे आणि गाईडांचा कस नेमका तेथेच लागतो. मराठीतील पहिले नाटक कोणते? विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३मध्ये सांगलीला रंगभूमीवर आले. जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ १८५५मध्ये लिहिले गेले, पण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. तंजावरच्या भोसले राजांची मराठी नाटके तर या दोहोंच्या कितीतरी आधीची. तेव्हा पहिले म्हणजे लिहिलेले पहिले, प्रयोग झालेले पहिले की छापलेले पहिले, हे न सांगता एकच नाव देऊन मोकळे होणारे पुस्तक विद्यार्थ्याला अर्धवट माहिती देते. चांगल्या पुस्तकात या ठिकाणी निदान एक वाक्य अधिक असते. हीच गोष्ट ‘पण लक्षात कोण घेतो’ची. ही कादंबरी १८९०पासून ‘करमणूक’मधून क्रमशः येत गेली. क्रमशः प्रसिद्धी आणि ग्रंथरूप या दोन तारखा वेगळ्या आहेत, याचे भान पुस्तकाला आहे का, ते पाहावे. ‘ज्ञानेश्वरी’चा काळ शके १२१२ म्हणजे इ.स. १२९०. शक आणि सन यांची सरमिसळ करणारे गाईड कालक्रमाच्या प्रश्नात दगा देणार, हे नक्की. आपल्याला खात्रीने ठाऊक असलेल्या पाच-सहा गोष्टी अशा ताडून पाहाव्यात. त्यांत दोन चुका निघाल्या, तर जे आपल्याला ठाऊक नाही त्यात किती असतील याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी पारख अधिक महत्त्वाची आहे: पुस्तक नावे देते की नात्यांचा उलगडा करते? रसचर्चेचे उदाहरण घेऊ. भट्ट लोल्लट म्हणजे उत्पत्तिवाद, शंकुक म्हणजे अनुमितिवाद, भट्टनायक म्हणजे भुक्तिवाद, अभिनवगुप्त म्हणजे अभिव्यक्तिवाद, ही चौकट बहुतेक गाईडांत मिळते. जोड्या जुळवण्यापुरती ती पुरते. पण प्रश्नपत्रिकेत विधान आणि कारण अशा स्वरूपाचे प्रश्नही असतात. ‘भट्टनायकाच्या मते रसाचा भोग घेतला जातो’ हे विधान आणि ‘भावकत्व व्यापाराने विभावादींचे साधारणीकरण होते’ हे कारण पुढे आले, की केवळ चौकट पाठ असलेला विद्यार्थी अडखळतो. शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त का दिला, पुढच्यांना तो का पटला नाही, हे ज्या पुस्तकात दोन परिच्छेदांत का होईना सांगितले आहे, ते पुस्तक घ्यावे. मर्ढेकरांचेही तेच. ‘नवकवितेचे प्रवर्तक’ एवढा शिक्का मारून ‘शिशिरागम’ (१९३९) आणि ‘काही कविता’ (१९४७) एकाच रांगेत बसवणारे पुस्तक या कवीच्या वाटचालीतील मोठे वळणच पुसून टाकते. पहिल्या संग्रहावर आधीच्या रोमँटिक कवितेची छाया आहे, दुसऱ्यात ती मोडली आहे. हे ज्याला कळले त्याला सन वेगळे पाठ करावे लागत नाहीत.

यावर एक आक्षेप येईल. परीक्षाच जर चार पर्यायांतून एक निवडण्याची असेल, तर विवेचनाचा भार कशाला? आक्षेप दुर्लक्षण्याजोगा नाही. जून २०१२पूर्वी तिसऱ्या पेपरात विद्यार्थ्याला सलग लिहावे लागत असे. ते गेले आणि त्याबरोबर मांडणीची कसोटीही गेली. पण पर्याय चार असले तरी ते एकमेकांच्या जवळचे असतात. ज्याला विषय समजला आहे तो त्यांतले दोन लगेच बाद करतो. ज्याने केवळ घोकले आहे त्याला चारही ओळखीचे वाटतात. शिवाय ३० टक्क्यांच्या मुलाखतीत पर्याय नसतात. ‘या कादंबरीविषयी तुम्हांला काय वाटते?’ या प्रश्नाला गाईडात उत्तर नसते आणि असूही नये.

मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक सूचना पहिल्या पेपराविषयी करावीशी वाटते. नेटचा पहिला पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो, मराठीत नाही. राज्याच्या सेट परीक्षेत तो मराठीतही असतो. त्यामुळे केवळ मराठी गाईडावर विसंबून नेटला बसणाऱ्याची गडबड आशयात होत नाही, परिभाषेत होते. मराठीतले ‘मूल्यमापन’ तेथे ‘मूल्यांकन’ होते, ‘चल’ तेथे ‘चर’ होतो, ‘नमुना’ तेथे ‘प्रतिदर्श’ म्हणून उभा राहतो. पहिल्या पेपराचे पुस्तक मराठीत घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक पारिभाषिक शब्दाशेजारी इंग्रजी संज्ञा छापलेली असावी. नसेल तर ती स्वतः लिहावी.

जाडी आणि किंमत यांवरून निवड करू नये. मागील प्रश्नपत्रिका भरून पुस्तक जाड करणे सोपे असते आणि त्या प्रश्नपत्रिका तर अधिकृत संकेतस्थळांवर विनामूल्य मिळतात. पैसे मोजायचे ते स्पष्टीकरणासाठी. एकाच तऱ्हेची तीन गाईडे घेण्यापेक्षा एक गाईड आणि ‘वाङ्मयीन संज्ञा-संकल्पना कोश’ जवळ ठेवावा. मराठी विश्वकोश तर जालावर मोफत उपलब्ध आहे. प्रकरणाच्या शेवटी वाचण्याजोग्या ग्रंथांची नावे देणारे गाईड नेहमी अधिक विश्वासार्ह, कारण आपण पुरेसे नाही हे त्याच्या लेखकाला ठाऊक असते.

राहिला प्रश्न आम्हां शिक्षकांचा. आम्हांला सुचवावेसे वाटते ते एवढेच: प्रत्येक मराठी विभागाने ग्रंथालयात प्रचलित गाईडाची एक प्रत ठेवावी आणि तीत चुका दुरुस्त करण्याची मुभा विद्यार्थ्यांना व प्राध्यापकांना द्यावी. दुरुस्ती समासात पेन्सिलने लिहावी आणि कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या पानावरून ती केली तेही लिहावे. हे करताना विद्यार्थ्याला मूळ ग्रंथ उघडावाच लागेल. जे वाचन उपदेशाने होत नाही ते अशा एखाद्या चुकीच्या सनाचा पाठलाग करताना होऊन जाते. वर्षभरात ती प्रत कोणत्याही नव्या गाईडापेक्षा उपयोगी ठरेल, आणि गाईड कोणते घेऊ असे विचारणाऱ्याला दाखवण्यासारखे विभागाजवळ काहीतरी असेल.