डिस्क आहे, पण दिसत नाही

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि कित्येक घरांतल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालायचे ठरले. उबुंटूचा पेनड्राईव्ह लावावा, तर डिस्कच दिसत नाही! कुणी लगेच सांगतो, डिस्क गेली, नवी घ्या. वाचकहो, पैसे काढण्याआधी थांबा. कालपर्यंत विंडोज त्याच डिस्कवरून चालत होते ना?

दोष बहुधा कंट्रोलरच्या सेटिंगचा असतो. इंटेलच्या अनेक लॅपटॉपांत तो कारखान्यातूनच ‘रेड’ किंवा ‘आरएसटी’वर ठेवलेला असतो. तिथे लिनक्सच्या ड्रायव्हरला डिस्क सापडत नाही. बायोसमध्ये ‘एएचसीआय’ निवडले, की ती दिसते.

विंडोजही ठेवायचे असेल तर मात्र घाई नको. मुलांचे दाखले, फोटो आधी दुसरीकडे उतरवा. बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मग ‘एमएसकॉन्फिग’मध्ये सेफ बूटची खूण करा, मशीन पुन्हा सुरू करतानाच बायोस बदला, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि खूण काढा. हा क्रम सोडला, तर विंडोज निळा पडदा दाखवून अडून बसते. अशा वेळी बायोस पूर्ववत करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी.

काही एसर लॅपटॉपांत हा पर्याय लपवलेला असतो. बायोसच्या ‘मेन’ पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबून पाहा.