ऐन वेळेची कळ

दिवाळीच्या सुटींत आमच्या थोरल्या कन्येचा मुलगा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला, तो कपड्यांच्या पिशवीबरोबर एक काळी पेटीही घेऊन आला. ती पेटी टीव्हीस जोडून हा एकोणीस वर्षांचा चिरंजीव रात्रीं जेवणें आटोपल्यावर व्हिडिओ गेम खेळत बसे. वाचकांस माझा स्वभाव आतां ठाऊक झालाच आहे. चौतीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेल्यामुळें, जें आपणांस कळत नाहीं त्याकडे पाहून प्रथम नाक मुरडावें आणि मग हळूच चौकशी करावी, अशी खोड मला जडली आहे. पहिली रात्र नाक मुरडण्यांत गेली. दुसऱ्या रात्रीं मीं चष्मा पुसून त्याच्या शेजारीं खुर्ची ओढली.

पडद्यावर दोन पुरुष हातांत सुरे घेऊन एकमेकांशीं बोलत होते. संभाषण चांगलें रंगलें होतें, म्हणून नातवानें कंट्रोलर मांडीवर ठेवून चिवड्याच्या बशीकडे हात नेला. इतक्यांत पडद्यावर दोन कळांची खूण चमकली. मुलानें झडप घातली, परंतु तोंपर्यंत नायक गतप्राण होऊन पडला होता.

"अरे, हा तर चित्रपट चालला होता ना?" मीं विचारलें. "मग त्यांत तुझें काय चुकलें?"

"आजोबा, हाच तर क्यूटीई! गोष्ट चालू असतांना मध्येंच खूण येते. तेवढ्या क्षणांत बटन दाबलें नाहीं, कीं संपलें."

त्या रात्रीं तो गुरु झाला व मी शिष्य. जें समजलें तें माझ्यासारख्याच अनभिज्ञ वाचकांसाठीं सांगतों.

क्यूटीई म्हणजे 'क्विक टाइम इव्हेंट'. मी त्यास 'ऐन वेळेची कळ' म्हणतों. एरव्हीं अशा खेळांत खेळणारा आपल्या पात्रास हवें तेथें नेतो, पळवितो, लढवितो. परंतु कथेंतील महत्त्वाचा प्रसंग आला म्हणजे चित्रपटासारखा बांधीव प्रवेश सुरू होतो. त्यास कटसीन म्हणतात. त्यांत कोण काय बोलेल, कोण कोठें उभा राहील, हें सर्व आधींच ठरलेलें असतें. अशा वेळीं खेळणारा नुसता प्रेक्षक होऊन पेंगूं लागतो. त्यास जागें ठेवावें म्हणून रचनाकार त्या प्रवेशांत ठिकठिकाणीं खुणा पेरतात : ही कळ दाब, दांडी डावीकडे लोट, हीच कळ भराभर दाबत राहा. वेळेवर साधलें तर नायक वांचतो. हुकलें तर बहुधा मरतो, आणि तोच प्रसंग पुन्हां खेळावा लागतो.

ही युक्ति आजची नव्हे. १९८३ सालीं अमेरिकेंत 'ड्रॅगन्स लेअर' नांवाचा खेळ निघाला. डिस्नेच्या चित्रशाळेंत पूर्वीं काम केलेले डॉन ब्लुथ यांच्या हाताखालीं त्याचीं चित्रें काढलेलीं होतीं, आणि तीं लेझर तबकडीवर सांठविलेलीं होतीं. डर्क नांवाचा वीर राजकन्येस सोडविण्यासाठीं किल्ल्यांत शिरतो. खेळणाऱ्याच्या हातीं काय, तर एक दांडी व तरवारीची एक कळ. योग्य क्षणीं योग्य चाल साधली तर चित्रपटाचा पुढचा तुकडा लागे. न साधली तर डर्कच्या मरणाचा. पुढें १९९९ मध्यें जपानच्या सेगा कंपनीनें यू सुझुकी यांच्या दिग्दर्शनाखालीं 'शेनम्यू' हा खेळ काढला. आजचें नांव त्या खेळापासूनच रूढ झालें. २००५ सालीं 'रेझिडेंट ईव्हिल ४' आणि 'गॉड ऑफ वॉर' या दोन खेळांनीं ही युक्ति अधिकच लोकप्रिय केली. माझ्या नातवाचा नायक ज्या सुऱ्यानें मेला, तो प्रवेश या 'रेझिडेंट ईव्हिल ४' मधलाच.

आतां माझें मन या प्रकारांत कां अडकलें तें सांगतों. पाणिनीनें कर्त्याचें लक्षण करतांना स्वातंत्र्यावर बोट ठेविलें आहे : क्रियेच्या बाबतींत जो स्वतंत्र, तो कर्ता. आणि लगेच पुढच्या सूत्रांत त्या कर्त्यास प्रवृत्त करणाऱ्या प्रयोजकाचाही विचार केला आहे. 'मुलगा दार उघडतो' आणि 'आई मुलाकडून दार उघडविते' या दोन वाक्यांतील भेद आपण सर्व शाळेंत शिकलों आहों. पहिल्या वाक्यांत हात मुलाचा आणि इच्छाही मुलाची. दुसऱ्यांत हात मुलाचा, पण इच्छा आईची. मग ऐन वेळेच्या कळेचें वाक्य कोणतें? मुलास वाटतें, मीं उडी मारली. वस्तुतः पडद्यानें त्याच्याकडून उडी मारविली. शिवाय, त्या क्षणीं त्याचा डोळा नायकाकडे नसतोच. एवढ्या खर्चानें रंगविलेला प्रसंग ज्याच्यासाठीं रंगविला, तो बिचारा खूण चौकोनाची कीं वर्तुळाची एवढेंच न्याहाळीत असतो.

नातवानें याचें आणखी एक उदाहरण दाखविलें. २०१४ सालच्या 'कॉल ऑफ ड्यूटी : ॲडव्हान्स्ड वॉरफेअर' या खेळांत मित्राच्या अंत्यसंस्काराचा प्रसंग आहे. नायक शवपेटीजवळ जातो, आणि श्रद्धांजलि वाहण्यासाठीं कळ दाबा, अशी सूचना पडद्यावर येते. तिची जगभर थट्टा झाली, व ती मला रास्त वाटते. शोक हा आज्ञेवरून करण्याचा विषय नव्हे.

"हा खेळ नव्हे, ही घोकंपट्टी आहे," असा निकाल देऊन मी निजावयास गेलों. चिरंजीवांनीं वाद घातला नाहीं. तिसऱ्या रात्रीं मात्र त्यानें कंट्रोलर माझ्याच हातीं दिला.

हा खेळ 'हेवी रेन', पॅरिसच्या क्वांटिक ड्रीम या संस्थेनें २०१० सालीं काढलेला. आरंभींच तुम्हांला सराव किती, अशी पृच्छा होते. नातवानें माझ्या वतीनें सर्वांत खालचा पर्याय निवडला. कथानायक ईथन मार्स हा एक साधा गृहस्थ. सकाळीं उठतो, दाढी करतो, जेवणाच्या मेजावर बश्या मांडतो. बश्या ठेवतांना दांडी सावकाश लोटावी लागते. येथें किंमत त्वरेची नव्हे, जपणुकीची आहे. पुढें तो बायकामुलांसह एका गर्दीच्या बाजारसंकुलांत जातो, आणि तांबडा फुगा हातीं घेतलेला त्याचा दहा वर्षांचा मुलगा जेसन गर्दींत दिसेनासा होतो. पडद्यावर एका कळेची खूण असते. ती दाबली कीं बाप 'जेसन!' अशी हांक मारतो.

मी दाबीत राहिलों. हांका जात राहिल्या. अखेर मुलगा दिसला तो रस्त्याच्या पलीकडे, आणि बापाकडे धांवतांना मोटारीखालीं सांपडला. माझ्या कळेनें तो वांचला नाहीं; कोणाच्याच कळेनें वांचत नाहीं, कारण कथाच तशी रचलेली आहे. या हांकांचीही लोकांनीं चेष्टा केली आहे, असें नातू म्हणाला. मला हंसूं आलें नाहीं. ज्याचें मूल यात्रेंत घटकाभर तरी हरवलें आहे, तो हांकेचा उपयोग होईल कीं नाहीं याचा हिशेब करीत नाहीं. हांक मारल्यावांचून त्यास राहवतच नाहीं. पडद्यावर खूण नसती तरी माझें बोट त्या कळेवर गेलें असतें. फळ माझ्या हातीं नव्हतें, सूचना पडद्याची होती, तरी इच्छा माझी होती. त्या क्षणापुरता मी कर्ताच होतों. आदल्या रात्रींचा माझा निकाल अर्धाच खरा होता, हें मला मान्य करावें लागलें. कळ दाबावयास सांगणें हा दोष नव्हे. ज्याच्या मनांत ती इच्छा उपजलेलीच नाहीं, त्यास घाईनें दाबावयास लावणें हा दोष.

मग त्यानें मला आणखी दोन गोष्टी दाखविल्या. 'अन्टिल डॉन' या २०१५ सालच्या खेळांत संकट जवळ आलें असतां कांहींच करावयाचें नसतें. हातांतील कंट्रोलर फक्त निश्चल धरावयाचा. हात हलला तर त्या यंत्रास कळतें. माझ्या अडुसष्ट वर्षांच्या हातांना तें साधलें नाहीं. दुसरा खेळ 'द वॉकिंग डेड', २०१२ सालचा. त्यांत कोणी प्रश्न विचारला कीं उत्तराचे कांहीं पर्याय येतात, आणि उरलेला वेळ दाखविणारी एक रेघ आंखडत जाते. वेळ संपला तरी खेळणारा नापास होत नाहीं. त्याचें मौन हेंच त्याचें उत्तर समजून कथा पुढें चालते.

ती आंखडत जाणारी रेघ पाहतांना मात्र माझ्या पोटांत कालवलें.

फार वर्षांपूर्वीं माझ्या नववीच्या वर्गांत दुसऱ्या बाकावर एक मुलगा बसत असे. माझी पद्धत अशी, कीं टेबलावर छडी आपटावयाची, बोट दाखवावयाचें आणि म्हणावयाचें, "तूं! राजन् शब्द, तृतीया एकवचन!" 'राज्ञा' हें उत्तर एका श्वासांत आलें पाहिजे. तो उभा राही, त्याचे ओंठ हलत, आणि शब्द बाहेर पडण्यापूर्वींच मी "पुढचा!" म्हणत असें. लेखी परीक्षेंत त्याचीं रूपें निर्दोष असत. मी तीं तपाशीत असें, पूर्ण गुण देत असें, आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां "पुढचा!" म्हणत असें. त्यास येत होतें, हें मला ठाऊक होतें. तरी मी त्याच्या ज्ञानाची परीक्षा घेत नव्हतों. जिभेच्या वेगाची घेत होतों, आणि तिला शिस्त म्हणत होतों.

दोन वर्षांपूर्वीं तोच विद्यार्थी मुलीच्या लग्नाची पत्रिका व अक्षता घेऊन आमच्याकडे आला. पायां पडला. "सर, मुलीचें... मुलीचें..." एवढें बोलून पूर्वींसारखाच थांबला. "लग्न ठरलें! वा, फार छान!" असें म्हणून मीं त्याचें वाक्य पुरें करून टाकलें. त्यानें मान खालीं घातली आणि हंसला. मुलीच्या लग्नाची वार्ता स्वतःच्या तोंडानें सांगण्याचें सुख मीं त्या बापाकडून काढून घेतलें, हें मला त्या दिवशीं कळलें नाहीं. एका परक्या बापाची हांक माझ्या बोटाखालून निघाली, त्या रात्रीं तें कळलें.

हें मीं नातवास सांगितलें. तो कांहीं वेळ गप्प राहिला. मग त्यानें 'स्पायडर-मॅन' नांवाचा २०१८ सालचा एक खेळ लावून त्यांतील सोयींची यादी उघडली. ज्यांचीं बोटें चपळ चालत नाहींत त्यांच्यासाठीं तेथें तरतूद आहे : कळ भराभर दाबण्याऐवजीं नुसती दाबून धरावी, आणि तेंही नको असेल तर ऐन वेळेच्या कळा खेळानें आपणच उरकाव्या. ज्याला जेवढें झेपेल तेवढें त्यानें घ्यावें, गोष्ट मात्र कोणाचीही अडूं नये. "आणि आजोबा, तुम्हीं पाहिलेली ती सुऱ्यांची लढाई," तो म्हणाला, "२०२३ मध्यें कंपनीनें तो खेळ नव्यानें केला, तेव्हां त्यांतल्या अशा खुणा जवळजवळ सगळ्या काढून टाकल्या. आतां ती लढाई खेळणाराच लढतो."

म्हणजे त्या कंपनीनें अठरा वर्षांनीं कां होईना, आपला धडा सुधारला. मला चौतीस वर्षें मिळाली होतीं.

वाचकहो, आपल्या घरीं मुलें हे खेळ खेळत असतील, तर नाक मुरडण्यापूर्वीं एकदां शेजारीं बसावें. मात्र खेळ कोणत्या वयासाठीं आहे हें वेष्टनावर छापलेलें असतें, तें अवश्य पाहावें. वर सांगितलेल्यांपैकीं बरेच खेळ प्रौढांसाठींच आहेत. आणि मुलांना तपासून झालें म्हणजे थोडें आपल्याकडेही पाहावें. जेवतांना मुलास प्रश्न विचारल्यावर आपण मनांत किती अंक मोजतों? त्याचें उत्तर आपणच देऊन मोकळे होतों कीं काय? घरांत उभी हयात अशा किती ऐन वेळेच्या कळा आपण इतरांपुढें धरतों, याची मोजदाद ज्यानें त्यानें करावी.

कार्तिकी एकादशी झाली कीं मी त्या विद्यार्थ्याच्या गांवीं जाणार आहें. "मुलगी कशी आहे?" एवढा एकच प्रश्न विचारावयाचा आणि मग थांबावयाचें. हात कांपले तरी चालतील. या खेपेस जीभ मात्र निश्चल धरावयाची आहे.