टिफिनच्या आधी म्हणजे नक्की किती वाजता?

गेल्या रविवारी आमच्या जुन्या-नव्या मराठी फौजी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरत आला. आशय असा की मराठी माणूस हल्ली ब्रेकफास्ट करतो, लंच घेतो, डिनरला जातो. जेवत मात्र नाही. नातवंडांना न्याहारी हा शब्द कळत नाही, म्हणजे मराठी संपलीच. खाली भराभर अंगठे पडले. त्यात माझ्या एका माजी सीओ साहेबांचाही अंगठा होता, म्हणून मी तिथे गप्प बसलो. हा ब्लॉग माझा आहे, इथे बोलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: जेवणाच्या वेळेला कोण काय म्हणतो, यावरून माणसाला सुधारायला जाऊ नका. न्याहारीवाल्याने लंचवाल्याला नको आणि लंचवाल्याने न्याहारीवाल्याला तर अजिबात नको. समोरच्याचा दिवस कसा जातो, तो किती वाजता काय खातो, हे विचारा. हा नुसता भाषेचा वाद असता तर मी तो तुम्हा सगळ्यांवर सोडून दिला असता. पण आमच्या घरात तो आईच्या जिवावर बेतला होता.

बंगळुरूची ही पोस्टिंग मिळाल्यावर आईला गावाहून इकडे आणलं. माण तालुक्यातली बाई, वय बहात्तर, साखरेचा त्रास. इथल्या एका डॉक्टरांनी गोळी बदलून दिली. तिथल्या सिस्टरने सांगितलं, 'बिफोर टिफिन.' दोन वर्षं या शहरात काढल्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. इथे टिफिन म्हणजे सकाळची इडली, डोसा, उप्पिट्टू. मी आईला तसंच सांगितलं, "टिफिनच्या आधी एक गोळी." तिने मान डोलावली.

चौथ्या दिवशी ऑफिसात फोन आला. शेजारच्या क्वार्टरमधल्या मेजरांच्या पत्नी धारवाडच्या. त्या सहज डोकावल्या, तर आई घामाने निथळलेली, हात थरथरताहेत, बोलणं अडखळतंय. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ऊटा आतेन्री, अज्जी?" आई म्हणाली, "जेवान व्हायचंय अजून." त्या बाईंनी ताबडतोब साखरेचं पाणी पाजलं आणि मग मला फोन केला. सव्वादहा वाजले होते.

संध्याकाळी मी आवाज चढवून विचारलं, "गोळी घेतल्यावर खायचं नाही का?" आई शांतपणे म्हणाली, "तूच म्हणलास की टिफिनच्या आधी. तुझा टिफिन भरायच्या आधी घेते की रोज."

माझा डबा पावणेसातला निघतो. आईच्या लेखी टिफिन म्हणजे तो स्टीलचा डबा. गोळी साडेसहाला, सोबत कपभर चहा. त्यानंतर आंघोळ, पूजा, निवडणं-टिपणं आणि अकराला भाकरी. गावाकडे ती शेतावर जायची तेव्हा नऊला न्याहारी असायची. इथे शेत नाही, म्हणून न्याहारीही सुटली. पोटात काही नसताना साखर उतरवणारी गोळी चार-साडेचार तास काम करत होती. या प्रकरणात कोणीही चुकीचा शब्द वापरला नव्हता. सिस्टरचं बरोबर, आईचंही बरोबर. चूक माझी, कारण दोन्हीकडचे अर्थ मलाच ठाऊक होते आणि मी विचारलं नाही.

आता त्या मेसेजकडे येतो. मराठीचं शुद्ध रूप म्हणून जी न्याहारी मिरवली जाते, ती फारसी घराण्यातली आहे. आजच्या इराणमध्ये नाहार म्हणजे दुपारचं जेवण! म्हणजे एकाच घराण्यातल्या दोन शब्दांत अर्ध्या दिवसाचं अंतर पडलं. नाश्ताही फारसीच, मूळ अर्थ सकाळपासून काही न खाल्लेला, उपाशी. टिफिन साहेबांच्या राज्यात दुपारचं हलकं खाणं होतं. मुंबईत तो डबा झाला. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली डबेवाल्यांची व्यवस्था आजही तो पोहोचवते. बंगळुरूत तो खाण्याच्या पदार्थांनाच चिकटला. लालबाग रोडवरच्या ज्या एमटीआरसमोर सकाळी रांग लागते, त्यातला टी टिफिनचा आहे: मावळ्ळी टिफिन रूम्स. धंदा १९२४ चा. तिथे कोणी डबे विकत नाही.

आणि ज्या इंग्रजीने मराठी बाटवली म्हणता, तिचं तरी एकमत कुठे आहे? इंग्लंडच्या उत्तरेत आजही कितीतरी घरांत दुपारच्या जेवणाला डिनर म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला टी. आपल्या मेसमध्ये डिनर नाइट आणि सपर नाइट यांत पोशाखापासून सगळा फरक असतो, हे वाचकांतल्या जुन्या साहेबांना मी सांगायला नको. सपर नाइटला चुकून डिनरचा पोशाख घालून गेलेला लेफ्टनंट ते जन्मभर विसरत नाही.

शब्द मरतात याचं दुःख असेल तर एक जुना शब्द घ्या. तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात संध्याकाळच्या जेवणाला व्याळी म्हटलं आहे. त्याचा भाऊबंद, वाळु, सौराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या तोंडी आजही आहे. आपल्याकडून तो गेला आणि त्याची जागा 'रात्रीचं जेवण' या सरळ शब्दांनी घेतली. व्याळी गेली म्हणून मराठी संपली नाही.

आपल्याच मराठीत फराळ बघा. दिवाळीत फराळ म्हणजे तळलेल्या चकल्या आणि करंज्या. एकादशीला फराळ म्हणजे साबुदाणा, वरीचे तांदूळ. दिवाळीचा फराळ एकादशीला ताटात आला तर उपवास मोडला. तरी आपण कधी गोंधळत नाही, कारण दिवस कोणता ते दोघांनाही माहीत असतं. दिवस माहीत नसेल, तर शुद्ध शब्दही उपयोगाचा नाही.

जेवणाची नावं माणसाच्या कामाच्या वेळेतून येतात. पहाटे शेतावर जाणाऱ्याला नऊची न्याहारी लागते. आठ तासांच्या पाळीवाल्याला डबा लागतो. इथे बंगळुरूत माझा भाचा अमेरिकेच्या घड्याळावर नोकरी करतो. तो सकाळी सहाला झोपतो, दुपारी तीनला उठून खातो त्याला ब्रेकफास्ट म्हणतो आणि रात्री दीडला कॅन्टीनमध्ये लंच करतो. आजी त्याला विचारते, "दुपारचं जेवलास का?" तो नाही म्हणतो आणि ती दिवसभर काळजी करते. तिने न्याहारी म्हटलं किंवा त्याने जेवण म्हटलं, तरी हा गुंता सुटणार नाही. त्याची दुपार रात्री असते, हे तिला सांगावं लागेल.

या शहराची मूळ पद्धत तर तिसरीच आहे. इथे तिंडी आणि ऊटा असे दोन मोठे भाग. भात किंवा नाचणीची मुद्दे असेल तर तो ऊटा. इडली, डोसा, उप्पिट्टू ही तिंडी, मग ती सकाळी खा नाहीतर रात्री. 'तिंडी आयता? ऊटा आयता?' ही इथली विचारपूस. धारवाडकडे गेलात की तिंडीचा नाष्टा होतो. २०१७ साली इथे इंदिरा कॅन्टीन सुरू झाली तेव्हा सकाळचं खाणं ५ रुपये आणि दुपारचं-रात्रीचं जेवण १० रुपये असा दर होता. सरकारी दरातही हे दोन भाग उतरले. एकाच राज्यात इतके फरक असताना बंगळुरूत राहणारा मराठी माणूस पोराला सांगतो, "टिफिन म्हणू नकोस, न्याहारी म्हण." आणि त्याच पोराची शाळा सांगते, "न्याहारी म्हणू नकोस, ब्रेकफास्ट म्हण." पोर बिचारं चौथ्याच कुणाकडे जाऊन गुपचूप खातं.

यात मी मोठा शहाणा आहे असं नाही. लेफ्टनंट असताना एका नव्या जवानाची ओळख करून घेत होतो. सिंधुदुर्गातला मुलगा. विचारलं, "घरी ब्रेकफास्टला काय असतं?" म्हणाला, "पेज, साहेब." मी घाटावरचा. आमच्याकडे पेज आजाऱ्याला देतात. मी म्हणालो, "का, आजारी होतास का?" सगळे हसले, तोही हसला. पुढची अडीच वर्षं त्याने माझ्यासमोर घरच्या खाण्याचा विषय काढला नाही. त्याच्या बहिणीच्या लग्नाला मी कुडाळकडे गेलो तेव्हा पाहिलं. सकाळी सहापासून कामाला लागलेली माणसं दहाला परतली आणि प्रत्येकासमोर उकड्या तांदळाची गरम पेज आली, सोबत खारातली मिरची आणि भाजलेला सुका बांगडा. त्या पेजेवर ती माणसं पुन्हा दोनपर्यंत राबली. मी एका शब्दावर हसलो आणि माझ्या प्लाटूनमधल्या एका माणसाने माझ्याशी मोकळं बोलणं थांबवलं. फौजेत ही किरकोळ गोष्ट नाही. ताप आलाय, घरून पैशाची चणचण कळलीये, झोप लागत नाही, हे जवान ज्याच्याशी मोकळा असतो त्यालाच सांगतो.

मग भाषा सोडून द्यायची का? नाही. ग्रुपवरच्या मंडळींची कळकळ मला समजते. माझ्या घरात मराठीच बोलली जाते, मुलीला मी 'जेवायला चल' असंच म्हणतो आणि म्हणत राहीन. शब्द टिकवायचा तर तो वापरायचा, मुलांना त्या शब्दाचं खाऊ घालायचं. आजी रविवारी नऊला भाकरी, ठेचा आणि दही पुढे ठेवून "न्यारी करा" म्हणते, तेव्हा माझी मुलगी हा शब्द न शिकवता शिकते. 'ब्रेकफास्ट म्हणू नकोस' असं सांगून ती काहीच शिकत नाही. फक्त बापासमोर बोलताना सांभाळून बोलते.

फौजेची एक सवय इथे घेण्यासारखी आहे. खडकवासल्याला पहिल्या टर्मला माझ्या टेबलावर बंगालचा जलखाबार होता, गुजरातचा शिरामण होता, बिहारचा जलपान होता आणि माझी न्याहारी होती. अकादमीने यांपैकी कोणता शब्द खरा, यावर वेळ घालवला नाही. वेळ लिहिली. त्या वेळेला सगळे टेबलावर. ऑर्डरमध्ये 'जेवणानंतर कूच' असं कुणी लिहीत नाही, कारण त्या एका ओळीवर अर्धी कंपनी निघेल आणि अर्धी लंगरसमोर उभी असेल.

म्हणून माजी सैनिक बंधूंना माझी विनंती आहे. आपल्यातले बरेच जण साठी-सत्तरीचे आहेत, निम्म्यांना तरी साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी आहे आणि मुलं पुण्यात, बंगळुरूत, बाहेरदेशी. पुढच्या वेळी पॉलिक्लिनिकमध्ये गेलात की 'नाश्त्यानंतर' हे उत्तर घेऊन उठू नका. आपण किती वाजता काय खातो ते आधी सांगा आणि गोळी किती वाजता, त्यानंतर किती वेळात खायचं, ते विचारून घ्या. वहिनींचंही विचारा, कारण त्या सगळ्यांचं झाल्यावर जेवतात आणि कागदावर त्यांचंही 'जेवणानंतर' एवढंच लिहिलेलं असतं. आणि मुलांनो, तुम्ही आईबाबांना फोनवर 'ब्रेकफास्ट झाला का?' असं विचारता तेव्हा चहा-बिस्किटावरही ते हो म्हणतात. काय खाल्लं ते विचारा.

आईच्या गोळ्यांच्या डबीवर आता टिफिन, न्याहारी, नाश्ता यांपैकी काही लिहिलेलं नाही. डॉक्टरांना पुन्हा विचारून मी मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे: 'सकाळी ८.३० – गोळी. ९.०० – भाकरी.' तिने ते वाचलं आणि म्हणाली, "मग न्यारीच्या आधी, असं सांगायचं की सरळ."