दंडाच्या पावत्या

‘नुकसानभरपाई’ हा शब्द सरकारी कागदांवर दोन उलट दिशांनी प्रवास करतो. तुमच्या सात-बाऱ्यावरची जमीन धरणाखाली किंवा रस्त्याखाली गेली तर सरकार तुम्हाला नुकसानभरपाई देते. पण तुम्ही सरकारी जागेवर झोपडी बांधून राहत असाल, तर त्याबद्दल मुंबईत फोटोपासवाल्यांकडून जी रक्कम वसूल होत आली, तिचेही नाव नुकसानभरपाईच. जागा अडवल्याने सरकारचे झालेले नुकसान रहिवाशाने भरून द्यायचे. खेड्यात आडपडदा कमी असतो. तिथे तिला सरळ ‘दंड’ म्हणतात. वीस-वीस, तीस-तीस वर्षे ही रक्कम भरणारी कुटुंबे महाराष्ट्रात आहेत. त्यांची घरे पाडायची वेळ येते तेव्हा हा शब्द दुसऱ्या दिशेने प्रवास करायला मात्र तयार होत नाही.

मी बँकेत होतो. १९८०च्या दशकात मराठवाड्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत काही वर्षे काढली. एकात्मिक ग्रामीण विकास योजनेखाली म्हशी, शेळ्या, शिलाई यंत्रे यांसाठी कर्जे वाटायचा तो काळ. गायरानावर राहणारा एक गृहस्थ म्हशीच्या कर्जासाठी आला होता. जमिनीचा कागद मागितला तर त्याने प्लॅस्टिकच्या पिशवीतून दंडाच्या पावत्यांची चळत काढून टेबलावर ठेवली. सगळ्यात जुनी पावती त्याच्या वडिलांच्या नावाची होती. “साहेब, एक साल चुकवलेलं नाही,” तो म्हणाला, आणि हे तो अभिमानाने सांगत होता. म्हैस मिळाली, त्या योजनेत जमीन तारण लागत नसे. पण मला आठवते ती पुढची गोष्ट. हप्ता थकला की आमची नोटीस त्याच्या त्याच घरी जायची आणि पोस्टमन ती बिनचूक पोचवायचा. वसुलीसाठी ते घर होते, मतदार यादीसाठी होते, रेशनकार्डासाठी होते. पुढे एका सरकारी कामासाठी ती वस्ती उठवली, तेव्हा भरपाईच्या यादीत मात्र ते घर नव्हते. असे कसे, म्हणून एका अधिकाऱ्याला विचारले. तो शांतपणे म्हणाला, “सरकार स्वतःचीच जमीन संपादन करीत नसते.”

कायद्याच्या भाषेत त्याचे खरे होते. १८९४चा भूसंपादन कायदा काय किंवा त्याच्या जागी आलेला २०१३चा कायदा काय, दोन्हींचा दरवाजा ‘संपादन’ या शब्दाने उघडतो. जमीन दुसऱ्याची असेल तरच ती घ्यायची असते, आणि घेतली तरच मोबदला. त्यातून एक विचित्र स्थिती उभी राहिली आहे. २०१३च्या कायद्याने मालकाखेरीज इतरांकडेही पाहिले, हे त्याचे श्रेय. खाजगी जमीन संपादन होत असेल तर तिच्यावर आधीची तीन वर्षे पोट भरणारा कूळ, मजूर, कारागीरही ‘बाधित कुटुंब’ ठरतो. शहरी भागात तीन वर्षे राहिलेले कुटुंबही ठरते. तीन वर्षे! आणि शेजारच्याच गट नंबरात, गायरानावर, ज्याचा जन्म आणि लग्न दोन्ही झाली, तो या कायद्याच्या हिशेबात कुठेच नाही, कारण त्याच्या पायाखालची जमीन आधीपासूनच सरकारची आहे.

इतकी वर्षे राहिल्यावर जमीन त्याचीच होत नाही का, असे वाचक विचारतील. कायद्यात तशी वाट आहे. १९६३च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे खाजगी मालकाविरुद्ध १२ वर्षे आणि सरकारविरुद्ध ३० वर्षे उघड, अखंड, मालकाचा हक्क झुगारून ताबा ठेवला, तर तो प्रतिकूल ताबा ठरतो. (१९०८च्या कायद्यात सरकारसाठी ही मुदत ६० वर्षे होती.) पण मेख ‘हक्क झुगारून’ या शब्दांत आहे. जो माणूस दरसाल दंड भरतो किंवा एकसाली पट्ट्यावर जमीन कसतो, तो दरसाल सरकारची मालकी मान्य करीत असतो. माझ्या टेबलावरची ती चळत तो तिथे राहत असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा होती, आणि जमीन त्याची नसल्याचाही. प्रामाणिकपणाने कायदेशीर हक्क गमावल्याचे यापेक्षा नेटके उदाहरण मला माझ्या कादंबऱ्यांसाठीही सुचले नसते.

आता जमिनीचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. बँकेत तारणाचे मूल्यांकन करताना आम्ही जमिनीची किंमत वेगळी काढत असू आणि वरच्या बांधकामाची वेगळी. भाडेपट्ट्याच्या जागेवरची इमारत असेल तर जमीन दुसऱ्याची, भिंती याच्या, यात कोणाला काही खटकत नसे. मग गायरानावरच्या किंवा रेल्वेच्या जागेवरच्या घराबाबतच भिंतींची किंमत शून्य का व्हावी? विटा त्याने विकत घेतल्या, पत्रे त्याने आणले, विहीर खणली असेल तर त्याने खणली, आंबा लावला असेल तर त्याने लावला. जमिनीचा मोबदला तो मागत नाही आणि मागूही नये. पण त्याने स्वतःच्या कष्टाने उभे केलेले दुसऱ्याच्या सोयीसाठी पाडायचे, तर त्याचे मोल होऊ शकते. ते करणे काही अवघड काम नाही. कोणताही उपअभियंता एका दुपारी करील.

दुसरा मुद्दा सरकारच्या स्वतःच्या वागणुकीचा. मुंबईतल्या जनता कॉलनीची हकिगत जुन्या वाचकांना आठवत असेल. त्या जागेवर लोकांना आणून वसवले होते ते महापालिकेनेच. पुढे अणुशक्ती केंद्राला जागा हवी झाली आणि आणीबाणीच्या काळात, मे १९७६मध्ये, वस्ती उठवून माणसे ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पात नेली. त्याच वर्षी जानेवारीत सरकारने मुंबईतल्या सार्वजनिक जमिनींवरच्या झोपड्यांची गणना केली, त्यांना क्रमांक दिले, फोटोपास दिले. एका हाताने क्रमांक द्यायचा, नळ द्यायचा, दिवा द्यायचा आणि दुसऱ्या हाताने म्हणायचे की, तुम्ही इथे आहात हे आम्हाला मान्यच नाही!

१० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे त्या निकालातले वाक्य सर्वांना ठाऊक असते. निकालाचा शेवट मात्र कमी लोक वाचतात. पदपथावर राहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि पर्यायी जागा ही हटवण्याची पूर्वअट नाही, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. पण ज्यांच्याकडे १९७६च्या गणनेची ओळखपत्रे आहेत त्यांना पर्यायी जागा द्या, आणि वीस किंवा अधिक वर्षे उभ्या असलेल्या, सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याशिवाय हलवू नका, हलवल्या तर पर्यायी जागा द्या, असेही बजावले. पावसाळ्यात कोणाला उठवू नये म्हणून ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदतही दिली. म्हणजे काळाला मोल आहे, हे तत्त्व न्यायालयाने त्याच वेळी मान्य केले होते. आपण त्याचे काय केले? तारखांचा खेळ केला. १९७६, १९८०, १९८५, १९९५, २०००, आणि मग २०११. प्रत्येक तारीख ‘शेवटची’ म्हणून आली. १९९७मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्या हटवायला घेतल्या, तेव्हा १९९५पूर्वीच्या पात्र कुटुंबांना पर्यायी घरासाठी प्रत्येकी ७,००० रुपये भरायला सांगितले गेले. घर गमावणाऱ्यानेच पैसे भरायचे! ज्यांना ते जमले नाहीत त्यांचे काय झाले असेल, हे सांगायला कादंबरीकार लागत नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर हा लेख वाचून निम्मे वाचक पेपर खाली ठेवतील, आणि ते रास्तच ठरेल. वीस वर्षे गृहकर्जाचे हप्ते फेडून दोन खोल्यांचे घर घेणाऱ्या कारकुनाला वाटते की, मी मूर्ख ठरलो. गायरान हे गावाचे असते. भूमिहीनाची शेळी कुठे चरणार? शिवाय गायरानावर बसलेले सगळेच भूमिहीन नसतात. बांध दरसाल वीतभर पुढे सरकवणारे बागायतदार, रस्त्यालगत गाळे काढून भाड्याने देणारे, झोपड्या बांधून विकणारे दादा, हेही त्यांत आहेत. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावांच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले ते अशा लोकांमुळेच. पण त्याच निकालात अपवादही सांगितला आहे: सरकारी आदेशाने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना दिलेली जमीन आणि जिथे शाळा-दवाखाना उभा आहे ती जमीन. २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानांचा प्रश्न हाती घेतला आणि सव्वादोन लाखांच्या आसपास बांधकामांचा आकडा पुढे आला. राज्यभर नोटिसा निघाल्या. त्या नोटिशीत गाळेवाला आणि ऊसतोड कामगार यांच्यात फरक नव्हता.

फरक करणे मात्र अशक्य नाही, कारण इतिहास आपल्याकडे लिहिलेला आहे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९मध्ये आणि पुन्हा ६ डिसेंबर १९६४पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. त्या मागणीचा माग घेत सरकारने १९७८ आणि १९९१ मध्ये ठराव करून भूमिहीनांची शेतीसाठीची जुनी अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले. १९९१च्या ठरावात १४ एप्रिल १९९० ही तारीख आहे. कित्येकांचे अर्ज तहसीलच्या कपाटात राहिले. म्हणजे नियमाप्रमाणे जे कधीच मालक व्हायला हवे होते, ते कागद न हलल्याने अतिक्रमणदार राहिले. त्यांना आज भरपाई नाकारणे हा कायद्याचा नव्हे, आळसाचा निकाल आहे.

मालकी नसतानाही भरपाई देता येते, हे मुंबईने एकदा करून दाखवले आहे. नागरी वाहतूक प्रकल्पासाठी रेल्वेच्या रुळांलगतच्या हजारो झोपड्या २०००च्या सुमारास हलवल्या गेल्या. एकाकडेही जमिनीचा कागद नव्हता. तरी पात्र कुटुंबाला २२५ चौरस फुटांचे घर विनामूल्य मिळाले. कारण सरळ आहे: पैसा जागतिक बँकेचा होता, आणि कागद नाही म्हणून भरपाई नाही असे चालणार नाही, हे १९९०पासून त्या बँकेचे धोरण होते. कर्ज देणाऱ्याने अट घातली की सगळे जमते, हे मी नोकरीतही पाहिले. त्या पुनर्वसनात उणिवा होत्याच. मानखुर्दच्या सातमजली इमारतीत गेलेल्या मोलकरणीची चार घरची कामे गेली, आणि घरावर छप्पर आले तरी घरात पैसा येईना. म्हणून घराच्या किमतीबरोबर बुडालेल्या रोजगाराचाही हिशेब हवा. सहा महिन्यांची मजुरी आणि सामान हलवण्याचा खर्च धरला तरी ती सुरुवात होईल.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला बँकवाल्याच्या सवयीने पडतो. उत्तर प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात आहे. सिमेंट, पोलाद, सल्लागाराची फी हे सगळे खर्च म्हणून धरले जातात. उठवलेल्या माणसाचे घर तेवढे धरले जात नाही, म्हणून प्रकल्प स्वस्त दिसतो. ती रक्कम पाडण्याआधी, पोस्टाच्या किंवा बँकेच्या खात्यात, नवरा-बायको दोघांच्या नावावर जमा व्हावी. हातात रोख दिली की मधल्या हातांचे भले होते.

राहिला प्रश्न पुराव्याचा. कोण किती वर्षे राहतो, हे नव्याने शोधायला समिती नको. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना १-ई नावाची नोंदवही असते. सरकारी जमिनीवर कोणी, किती क्षेत्रावर, केव्हापासून अतिक्रमण केले, याचीच ती नोंद. दंड त्याच वहीच्या आधारे बसवला जातो.